मृदा संरचना

मृदा संरचना म्हणजे मातीतील वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचे कण परस्परांशी बांधले जाऊन बनलेल्या कणसमूहांची, तसेच त्या समूहांच्या आत व त्यांच्या दरम्यान राहिलेल्या पोकळ्यांची मांडणी होय. शेतकऱ्यांच्या बोलीत हिला जमिनीची घडण म्हणतात. पाणी जमिनीत किती वेगाने मुरते व किती काळ टिकते, मुळांना हवा मिळते की नाही, बियाणे उगवून वर येते की पापुद्र्याखाली अडकते आणि पावसाबरोबर किती माती वाहून जाते, हे मोठ्या प्रमाणात संरचनेवर ठरते. हवामान, खनिजे, मुळे आणि मातीतील जीव यांच्या क्रियेने ती दीर्घकाळात घडते. चुकीची मशागत, सिंचन आणि यंत्रांचे वजन यांमुळे ती काही हंगामांत, क्वचित एका दिवसातही बिघडते. दख्खनच्या पठारावरील काळ्या जमिनी या दोन्ही प्रक्रियांचे ठळक उदाहरण आहेत.

पोत आणि संरचना

या दोन संज्ञांची नेहमी गल्लत होते. पोत म्हणजे मातीतील वाळू, पोयटा व चिकणमाती यांचे परस्पर प्रमाण. तो शेतकऱ्याच्या आयुष्यात व्यवहारतः बदलत नाही. संरचना म्हणजे त्याच कणांची रचना. एकाच ढिगातील विटांपासून घरही बांधता येते आणि त्या नुसत्या रचूनही ठेवता येतात. पोत विटांची संख्या व आकार सांगतो, संरचना बांधकाम सांगते. म्हणूनच एकाच पोताच्या दोन शेजारच्या शेतांपैकी एकात पाणी मुरते आणि दुसऱ्यात साचते, असे आढळते.

खनिज मातीच्या कणांची घनता साधारणतः २.६५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते. पोकळ्यांसह मोजलेली स्थूल घनता १.३ असेल, तर जमिनीच्या आकारमानाचा जवळपास अर्धा भाग पोकळ असतो. दाबल्या गेलेल्या जमिनीत ती १.६ पर्यंत चढली, की पोकळ भाग ४० टक्क्यांवर येतो. तथापि एकूण पोकळीपेक्षा कोणत्या पोकळ्या नाहीशा झाल्या हे अधिक महत्त्वाचे आहे. दाबामुळे प्रथम मोठी रंध्रे मिटतात. निचरा व हवा यांचे मार्ग नेमके हेच असतात. पाणी धरून ठेवणारी सूक्ष्मरंध्रे मात्र शिल्लक राहतात.

प्रकार

कणसमूहांच्या आकारावरून संरचनेचे प्रकार पाडतात. गवताळ जमिनीच्या वरच्या थरात आढळणारी रवाळ किंवा चुरमुरीत संरचना शेतीस सर्वांत अनुकूल मानली जाते. खालच्या थरांत ठोकळ्यांसारखी, कडा असलेली संरचना सामान्य आहे. कोरड्या प्रदेशांत उभे लोलकाकार समूह दिसतात आणि त्यांचे माथे गोलसर झाले असल्यास त्यांना स्तंभाकार म्हणतात. अशी गोल डोकी बहुधा सोडियमच्या प्रादुर्भावाचे लक्षण असतात. आडव्या पातळ थरांची पट्टीदार संरचना पाणी व मुळे दोन्ही अडवते. किनाऱ्यावरील वाळूत कण सुटेच राहतात, तर चिखलणी करून वाळलेल्या भातखाचरात सगळा थर एकसंध होतो. या दोन्ही स्थितींना संरचनाहीन म्हणतात.

कणसमूह कसे बांधले जातात

चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. कॅल्शियमसारखे दोन धनभार असलेले आयन या कणांना जवळ आणतात आणि त्यांचे साखळे बनतात. या क्रियेस संकलन म्हणता येईल. परंतु केवळ संकलनाने टिकाऊ ढेकूळ होत नाही. त्यासाठी चिकटवणारे द्रव्य लागते. ते काम कुजलेले सेंद्रिय पदार्थ, जीवाणूंनी स्रवलेली बहुशर्करा, चुना आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे करतात.

जे. एम. टिस्डॉल व जे. एम. ओड्स यांनी १९८२ मध्ये मांडलेले वर्णन आजही आधारभूत मानले जाते. त्यानुसार पाव मिलिमीटरहून लहान समूह टिकाऊ सेंद्रिय द्रव्ये व आयन यांनी बांधलेले असतात आणि मशागतीने सहसा मोडत नाहीत. त्यांहून मोठे समूह मात्र बारीक मुळे व बुरशीचे धागे यांच्या जाळ्यात धरलेले असतात. मुळे गेली, बुरशी उपाशी राहिली, की हे जाळे विरते. जमिनीची घडण खत एकदा टाकून कायमची सुधारत नाही, याचे कारण यात आहे; बंध सतत तुटत असतात व सतत नव्याने घालावे लागतात.

नैसर्गिक घटक

ओलणे आणि वाळणे ही सर्वांत व्यापक क्रिया आहे. वाळताना माती आकसते व दुर्बल रेषांवर तडकते. पुन्हा ओली होताना फुगते. ही आवर्तने एकसंध ढेकळाचे तुकडे करतात. थंड देशांत हेच काम गोठण व वितळण करतात, म्हणून युरोपातील शेतकरी भारी जमीन हिवाळ्यापूर्वी नांगरून हिमासाठी उघडी टाकतात. महाराष्ट्रात हिमाची जागा ऊन घेते. उन्हाळी नांगरटीने उलटलेली ढेकळे वैशाखात तापतात आणि वळवाच्या सरींत विरतात.

या दृष्टीने काळी कापशी जमीन जगातील विशेष जमिनींपैकी एक आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या बेसाल्टच्या विदारणातून ती तयार झाली. तिच्यातील माँटमोरिलोनाइट वर्गाचे खनिज आपल्या थरांमध्ये पाणी घेऊन फुगते. उन्हाळ्यात या जमिनीला काही सेंटिमीटर रुंद आणि अनेकदा एक मीटरपर्यंत खोल भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती या भेगांत पडते, पावसाळ्यात खालचा थर फुगतो आणि जागा न उरल्याने माती वर व बाजूला ढकलली जाते. घासल्या गेलेल्या पृष्ठांवर खोलवर गुळगुळीत, चकाकणारे पट्टे दिसतात. आपली आपण नांगरली जाणारी जमीन, अशी तिची ख्याती यामुळे झाली. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील व्हर्टिसॉल हे नाव ‘उलटणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरूनच आले आहे.

ही ख्याती अर्धीच खरी आहे. कोरड्या भेगांतून पहिला पाऊस झपाट्याने खोल जातो. पण भेगा मिटल्या की तीच जमीन पाणी जवळजवळ घेतच नाही आणि नांगराला चिकटते. खोल काळ्या जमिनी खरिपात मोकळ्या ठेवून साठलेल्या ओलीवर रब्बी ज्वारी घेण्याची सोलापूर व मराठवाड्याकडील पद्धत पावसाच्या लहरीपणाइतकीच या अडचणीतूनही आली आहे. हैदराबादजवळ पटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या संस्थेने अशा जमिनींसाठी रुंद वरंबा व सरीची पद्धत विकसित केली. वरंब्यावर कोणी चालत नाही, जादा पाणी सरीतून निघते, आणि पिकाच्या मुळांभोवतीची घडण टिकते. सोयाबीनसाठी ही पद्धत महाराष्ट्रात आता परिचित आहे.

कोकण व गोव्यातील जांभ्या मातीची कथा वेगळी आहे. मुसळधार पावसाने तिच्यातील कॅल्शियम व सिलिका वाहून गेले; केओलिनाइट व लोहाची ऑक्साइडे मागे राहिली. ही ऑक्साइडे चिकणमातीचे बारीक रवे इतके घट्ट बांधतात, की चिकणमातीचे प्रमाण बरेच असूनही माती वालुकामय जमिनीप्रमाणे पाणी झिरपू देते. घडण उत्तम असली म्हणजे जमीन सुपीक असतेच असे नाही, हे जांभ्यावरून स्पष्ट होते.

पावसाचा थेंब हा घडणीचा शत्रूही आहे. मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने आदळतो. उघड्या जमिनीवर तो कणसमूह फोडतो, सुटे बारीक कण रंध्रांत बसतात आणि वाळल्यावर कडक पापुद्रा बनतो. कोरडे ढेकूळ एकदम भिजल्यास आतली हवा कोंडून ते आपोआपही फुटते. तेलंगणातील व दक्षिणेकडील लाल जमिनींत पापुद्र्याचा त्रास विशेष आहे. पृष्ठभागावर पाचटाचा किंवा पिकाचा पडदा असेल, तर थेंबाचा आघात त्यावरच संपतो. या विषयात याहून स्वस्त उपाय नाही.

जीवांचे कार्य

चार्ल्स डार्विनने १८८१ मध्ये गांडुळांवर लिहिलेल्या ग्रंथात इंग्लंडमधील अनेक भागांत एकरी दहा टनांहून अधिक माती दरवर्षी गांडुळांच्या शरीरातून जाते, असा अंदाज दिला. गांडुळाच्या विष्ठेचे रवे आजूबाजूच्या मातीपेक्षा पाण्यात अधिक टिकतात आणि त्याची बिळे निचऱ्याचे मार्ग होतात. उष्ण व कोरड्या प्रदेशात हे काम बऱ्याच अंशी वाळवी करते. वारुळाची माती घट्ट असली, तरी त्याखालील बोगदे पाणी आत नेतात.

वनस्पतींमध्ये गवतवर्गाचा वाटा सर्वांत मोठा आहे. त्यांच्या तंतुमय मुळांचे दाट जाळे मातीला बारीक रव्यांत विभागते व धरून ठेवते. सोटमूळ असलेली तूर कडक थर भेदते, आणि ती वाळल्यावर उरलेली नळी पुढील पिकाच्या मुळांना वाट देते. मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशींशी संबंधित ग्लोमॅलिन हे चिकट द्रव्य १९९६ मध्ये सारा राइट यांच्या संशोधनातून पुढे आले. त्याच्या रासायनिक स्वरूपाविषयी अद्याप मतभेद आहेत. बुरशीचे धागे कण बांधतात याविषयी नाहीत.

मशागत

नांगरट संरचना सुधारते की मोडते, हा शेतीशास्त्रातील जुना वाद आहे. जेथ्रो टल या इंग्रज शेतकऱ्याने १७३१ मध्ये अशी समजूत मांडली, की मुळे मातीचे सूक्ष्म कणच खातात. म्हणून माती जितकी बारीक तितके पीक चांगले. कारण चुकीचे होते, तरी तण काढण्याचा फायदा खरा असल्याने सल्ला टिकला. अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात गवताळ जमीन नांगराखाली आल्यावर १९३०च्या दशकातील अवर्षणात तिची धूळ उडाली, १९३५ मध्ये तेथे मृदासंधारणाचा कायदा झाला, आणि एडवर्ड फॉकनरच्या १९४३ मधील पुस्तकाने नांगरच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला.

वस्तुतः नांगरट दोन विरुद्ध परिणाम घडवते. तात्कालिक परिणाम म्हणजे पोकळी वाढते व मुळांना मोकळीक मिळते. दीर्घकालीन परिणाम असा, की झाकलेला सेंद्रिय पदार्थ उघडा पडून वेगाने जळतो आणि बुरशीचे जाळे तुटते. उष्ण कटिबंधात ही झीज समशीतोष्ण देशांपेक्षा जलद होते. वरच्या थरात भुसभुशीतपणा आणणारा रोटाव्हेटर वारंवार वापरल्यास रव्यांची भुकटी होते व त्याच्या पात्यांच्या खाली गुळगुळीत थर तयार होतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर अशी भुकटी पूर्वीपेक्षाही घट्ट बसते.

मशागतीची वेळ तिच्या खोलीपेक्षा महत्त्वाची असते. मराठीतील ‘वाफसा’ हा शब्द नेमकी हीच वेळ सांगतो: माती ओलसर असते पण चिकटत नाही, मुठीत गोळा होतो आणि बोटाने दाबताच फुटतो. मृदाविज्ञानात याला आकार्यता मर्यादेच्या किंचित खालील ओलावा म्हणतात. वाफशाआधी चालवलेला नांगर मातीचे चकाकणारे काप काढतो. ते वाळून दगडासारखे होतात व पुढे पूर्ण हंगाम फुटत नाहीत. उशीर झाला तर मोठी ढेकळे निघतात, पण ती निदान पावसाने विरतात. ओली चूक कोरड्या चुकीपेक्षा महाग पडते.

भाताच्या चिखलणीत मात्र संरचना हेतुपुरस्सर मोडली जाते, कारण पाणी साठवायचे असते. कणसमूह फोडून खाली जवळजवळ अभेद्य थर केला जातो. भातासाठी हे उपयुक्त आहे. त्यामागून येणाऱ्या वाल किंवा हरभऱ्यासाठी नाही, कारण वाळलेला चिखल भेगाळतो व मुळांना आत येऊ देत नाही. कर्जत तालुक्यातील नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले सगुणा भात तंत्र याच टप्प्याला फाटा देते: कायमच्या गादीवाफ्यांवर चिखलणीविना भात टोकला जातो आणि आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच ठेवली जातात.

वजन आणि दाब

पृष्ठभागावरील दाब चाकाच्या किंवा खुराच्या स्पर्शक्षेत्रावर अवलंबून असतो, पण तो किती खोल पोहोचेल हे एकूण भारावर ठरते. बैलाच्या खुराखालील दाब मोठा असला तरी त्याचा परिणाम वरच्या थरापुरता राहतो. भरलेल्या ट्रॉलीचा भार नांगराच्या तळाखाली पोहोचतो, जेथे साधी मशागत जात नाही. उसाच्या पट्ट्यात तोडणीच्या वेळी ओल्या सरीतून वाहने काढली जातात, तेव्हा खोडव्याच्या मुळांखाली असाच थर बसतो. वर्षानुवर्षे एकाच खोलीवर नांगरल्यानेही कडक तळ तयार होतो. सबसॉयलरने तो फोडता येतो, परंतु माती कोरडी असतानाच. ओल्या मातीत हे अवजार केवळ एक चीर पाडते.

सिंचन, सोडियम आणि चोपण जमीन

संरचनेचा सर्वांत गंभीर ऱ्हास यंत्राने नव्हे, रसायनाने होतो. सोडियमच्या आयनाला एकच धनभार असतो व त्याभोवती पाण्याचे जाड वेष्टन असते. चिकणमातीवर कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली, की कण एकमेकांपासून सुटतात, पाण्यात तरंगतात आणि रंध्रे बंद करतात. अशी जमीन ओली असताना साबणासारखी बुळबुळीत आणि वाळल्यावर दगडासारखी होते. तिला चोपण जमीन म्हणतात. विनिमयक्षम सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक असल्यास जमीन चोपण समजावी, ही मर्यादा अमेरिकेतील क्षारता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये दिली.

दख्खनमध्ये हा प्रश्न कालव्यांबरोबर आला. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि एका पिढीच्या आत काठावरच्या काळ्या जमिनी पाणथळ व खारवट होऊ लागल्या. हॅरल्ड मान व ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील क्षारजमिनींवर १९१० मध्ये अहवाल लिहिला. पाडेगाव येथे १९३२ मध्ये सुरू झालेल्या ऊस संशोधन केंद्राच्या कामातही कालव्याखालील जमिनींचा अभ्यास महत्त्वाचा होता. नंतर प्रवरा, कृष्णा, वारणा आणि पंचगंगा या खोऱ्यांत हाच अनुभव आला. यंत्रणा सरळ आहे: भारी जमिनीत निचरा मंद, उसाला पाणी जास्त, भूजल वर चढते, बाष्पीभवनाने क्षार मागे राहतात. ज्या बागायतीने कुटुंबे उभी राहिली, तिनेच पुढील पिढीच्या हाती पांढरे पडलेले शेत दिले.

येथे एक विरोधाभास लक्षात घ्यावा लागतो. क्षार भरपूर असेपर्यंत सोडियमयुक्त मातीचीही घडण बरी दिसते, कारण विद्राव्य क्षार कणांना साखळून ठेवतात. असे शेत नुसत्या गोड्या पाण्याने धुतले, की क्षार जातात, सोडियम चिकणमातीवर राहतो आणि घडण कोसळते. खारवट जमीन अशा रीतीने चोपण होते. म्हणून निचऱ्याची सोय, मग जिप्सम आणि त्यानंतर पाण्याने धुणे, हा क्रम पाळावा लागतो. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत गंधकही चालते. जीवाणूंच्या क्रियेने त्याचे आम्ल होऊन जमिनीतील चुन्यापासूनच जिप्सम बनते. सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत छिद्रे असलेल्या नळ्या जमिनीखाली टाकून भूमिगत निचरा करण्यात आला आहे. शेजाऱ्याच्या शेतातून पाण्याला वाट मिळाल्याशिवाय हा उपाय एकट्याने करता येत नाही, ही त्यातील खरी अडचण आहे.

अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा याहून वेगळा आहे. तेथील सोडियम सिंचनाने आलेला नाही. अर्धशुष्क हवामानात कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने साचून बाहेर पडतो आणि द्रावणात सोडियमचे सापेक्ष प्रमाण वाढते. या जमिनींवरील अभ्यासात असे दिसले, की सोडियम १५ टक्क्यांच्या बराच खाली असतानाही पाणी वाहून नेण्याची त्यांची क्षमता घसरलेली असते. परदेशी मर्यादा दख्खनच्या फुगणाऱ्या चिकणमातीला जशीच्या तशी लागू करता येत नाही. खारे भूजल व मंद निचरा यांमुळे येथे सिंचन आणण्याचा निर्णय विशेष सावधगिरीचा ठरतो.

याच गुणधर्माचा उपयोगही लोकांनी केला आहे. खानदेशात धाब्याच्या घरांच्या छतावर पावसाळ्यापूर्वी ‘खारी’ माती पसरत. पाणी लागताच तिचे कण सुटून रंध्रे बंद करतात, म्हणून छत गळत नाही. शेताचा नाश करणारी माती घर कोरडे ठेवते.

गोव्यातील खाजन जमिनींत बांध फुटून भरतीचे पाणी शेतात शिरले, की माती खारी होते. नंतरच्या पावसाने क्षार धुतले जातात, पण बांध व मानशीची दुरुस्ती लांबली तर दरवर्षी नव्याने येणारा सोडियम टिकून राहतो.

सेंद्रिय पदार्थ व पीकपद्धती

अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे काळ्या जमिनींच्या परिसरातच कंपोस्टची पद्धत बसवली. यशवंत वाड यांच्यासह लिहिलेले त्यांचे पुस्तक १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. ताग व धैंचा यांची हिरवळीची खते, शेणखत आणि साखर कारखान्यातील मळी हे नेहमीचे पर्याय आहेत. हिरवळीचे खत लवकर कुजते, म्हणून त्याचा घडणीवरील परिणाम ठळक पण अल्पकालीन असतो. शेणखताचा संथ पण अधिक टिकाऊ असतो. उसाचे पाचट जाळण्याऐवजी सरीत ठेवण्याचा लाभ पोषणापेक्षा आच्छादन व बुरशीच्या वाढीत अधिक आहे. कोकणातील राबपद्धतीत भाजलेल्या वाफ्याची माती तात्पुरती भुसभुशीत होते व तण मरते. मात्र त्यासाठी शेजारच्या जंगलातील व माळावरील पालापाचोळा खर्ची पडतो.

परीक्षण

प्रयोगशाळेत कणसमूहांची स्थिरता पाण्यात बुडवून हलवलेल्या चाळण्यांनी मोजतात. ही पद्धत आर. ई. योडर यांनी १९३६ मध्ये दिली. टोचणयंत्राने मातीचा प्रतिरोध मोजला जातो आणि तो सुमारे दोन मेगापास्कलच्या पुढे गेल्यास बहुतेक पिकांच्या मुळांची वाढ खुंटते.

शेतावर करता येणारी चाचणी डब्ल्यू. डब्ल्यू. एमर्सन यांच्या १९६७ मधील पद्धतीवर आधारलेली आहे. वाळलेले लहान ढेकूळ पावसाच्या किंवा ऊर्ध्वपातित पाण्याच्या पेल्यात हळूच सोडतात. ढेकूळ तसेच राहिले तर घडण पक्की असते. ते विस्कटून तळाशी रवे पडले व पाणी स्वच्छ राहिले, तर सेंद्रिय पदार्थाची उणीव असते. ढेकळाभोवती दुधाळ वलय पसरून पाणी गढूळ झाले, तर सोडियमचा संशय घेऊन माती परीक्षणास पाठवावी. विहिरीचे पाणी वापरल्यास त्यातील क्षारांमुळे हे वलय उमटत नाही आणि चोपण जमीनही निर्दोष भासते.